कोण म्हणे?

सातुकासमोर अख्खं कोतापाता गाव जपून बोलायचं. तुम्ही सहज म्हणालात, "पलीकडच्या काठाला बर्फ पडलं," की पीठ मळायचं न थांबवता बाई विचारणारच, "तू होतास काय रे तिथं?" नव्हतास ना? मग 'पडलं म्हणे' असं म्हण. आणि म्हणे तर कोण म्हणे, तेही सांग. भल्याभल्यांची तिच्यापुढं बोबडी वळायची.

तशी रीत ही आमच्या साऱ्या गावाची, तळ्याकाठच्या सगळ्याच गावांची. गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली, कानांनी ऐकलेली की डोक्यानं ताडलेली, हे सांगितल्याशिवाय आमच्याकडं तोंड मिटता येत नाही. पाहिलं असेल तर नुसतं 'पडलं'. ऐकलं असेल तर 'पडलं म्हणे'. सकाळी डोंगर पांढरा दिसला म्हणून ताडलं तर 'पडलं असेल'. न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगणारा एक तर लबाड, नाही तर शहरातून आलेला पाद्री. पाद्रीबाबाचं आम्ही चालवून घ्यायचो, बिचारा पाहुणा माणूस. सातुका मात्र त्यालाही सोडायची नाही. "तो श्रीमंत माणूस नरकात जळतो आहे," असं तो एकदा हात उंचावून सांगायला लागला, तर ही मागच्या ओळीतून म्हणाली, "जळतोय म्हणे, बाबा. तुम्ही कधी जाऊन आलात?" बायका पदरात तोंड खुपसून हसल्या. पाद्री पुढचं सगळं विसरला.

मीही रीत पाळतो. या हकिकतीतलं सुरुवातीचं मी ऐकलेलं आहे, खुद्द सातुकाच्या तोंडून. मधलं बरंचसं पाहिलेलं आहे, उरलेलं तिनंच सांगितलेलं. शेवटचं तर मी अंगणात उभा राहून पाहिलं.

तिला वाढवलं तिच्या आजीनं. पोर सात-आठ वर्षांची असेल. एकदा तळ्यावर लामांना, आमच्या लोकरीच्या जनावरांना, पाणी पाजायला गेली होती. लांबून नाव येताना दिसली. नावेत एक बाई, डोक्याला तपकिरी गोल टोपी. पोर धावत शेजारच्या घरी गेली आणि म्हणाली, "काकू, तुमची आई येतेय!" शेजारणीची आई पलीकडच्या काठाला बरेच महिने आजारी होती. बाईनं हातातलं टाकलं, चूल पेटवली, होते नव्हते ते चांगले बटाटे घालून आमटी केली आणि काठावर जाऊन उभी राहिली. नाव आली. टोपी तपकिरी होती, बाई भलतीच होती. शेजारीण वळली. आमटीचं भांडं तसंच घेऊन परत गेली. आजीनं मात्र पोरीला त्या शेजारणीच्या दारात नेऊन उभं केलं. "काय पाहिलंस?" "आई..." "काय पाहिलंस?" "टोपी." "मग टोपी म्हणायचं. टोपी पाहिलीस आणि माणूस सांगितलास. त्या बाईनं आज आईला पुन्हा एकदा गमावलं, तुझ्या जिभेपायी." हे सांगताना म्हातारपणीही सातुकाचा आवाज बसायचा.

तर अशी ही सातुका. पुढं तिचं लग्न फेर्मिनशी झालं आणि सासरच्या परसात तिनं मातीची भट्टी बांधली. गावाचा पाव तीच भाजायची. फेर्मिन तिच्या अगदी उलटा, गप्पांचा बादशहा. एकाचं दहा करून सांगणारा, आणि शेवटी डोळा मिचकावून 'म्हणे' चिकटवून मोकळा होणारा. भट्टीशी बसून तो तिला छळायचा. "सातुका, जीव आहे का गं तुझा माझ्यावर?" "आहे." "आहे? कधी पाहिलास?" मग पिठाचा गोळा त्याच्या नाकावर बसायचा. मूल नव्हतं त्यांना, पण त्या घरातून हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. हे मी ऐकलंय, माझ्या कानांनी.

एका वर्षी बटाट्याची लावणी उरकून फेर्मिन खाली युंगासच्या उष्ण खोऱ्यात रस्त्याच्या कामावर गेला. तिकडं डोंगर फोडून रस्ता चालला होता आणि हातांची गरज होती. सोबत कासिमिरो, त्याचा लहानपणापासूनचा सोबती. सातुकानं नवऱ्यासाठी कानटोपी विणली होती, हिरव्या गोंड्याची. "खाली उकडतं म्हणे," फेर्मिन म्हणाला. "म्हणे ना? मग घालून जा, आणि पाहून ये," ती म्हणाली. त्यानं टोपी घातली. चढावर जाऊन वळला, गोंडा हलवला, आणि गेला. एवढं तिनं पाहिलं.

कापणीच्या आधीच कासिमिरो एकटा परत आला. पाठीवर दोन बोचकी, एक स्वतःचं, एक फेर्मिनचं. अंगणात उभा राहून जमिनीकडं बघत म्हणाला, "वहिनी, दरड आली म्हणे. फेर्मिन तिच्याखाली गेला म्हणे."

सासूनं, व्हेंतुराबाईनं, हंबरडा फोडला. सातुका उठली नाही, की रडली नाही. तिनं विचारलं, "कोण म्हणे?"

"सगळेच म्हणतात, वहिनी."

"तू कुठं होतास?"

"मी... नव्हतो म्हणजे... मी नंतर आलो."

"मग पाहिलं कुणी?"

कासिमिरोनं खांदे उडवले आणि बोचकं खाली ठेवलं.

तिनं ते बोचकं उघडलं. चमचा, घोंगडी, एक जुनी चप्पल. टोपी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला सांगितलं, "मी बघून येते," आणि पाठीवर भाजलेल्या बटाट्यांची झोळी टाकून निघाली. बाईमाणूस एकटं युंगासात? लोकांनी वेड्यात काढलं. पण ती गेलीच. पोचली तर दरडीची माती तिथंच सपाट केलेली, वरून रस्ता पुढं गेलेला, जुने मजूर पांगलेले. मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, "तुमचाच गाववाला सांगत होता." स्वैपाक्याला विचारलं. तो म्हणाला, "मुकादम सांगत होता." जो तो दुसऱ्याकडं बोट दाखवणारा. त्या 'म्हणे'चा उगम काही सापडेना. ती परत आली ती पायांना फोड आणि तोंडात तेच, "अजून कुणी पाहिलेलं भेटलं नाही."

आता अडचण अशी, की आमच्याकडं माणूस गेला की त्याचं ताट मांडावं लागतं. सर्व संतांच्या सणाला, भर दुपारी, मेलेली माणसं जेवायला घरी येतात. काळ्या कापडावर पावाची बाळं, जीव उतरायला पावाच्या शिड्या, ऊस, त्याच्या आवडीचं जेवण, सगळं मांडायचं. तीन वर्षं मांडायचं. नाही मांडलं तर तो जीव दारोदार उपाशी फिरतो, आणि उपाशी जीव फिरला की शेताला हिव लागतं, पीक गारठून जळतं. पण जिवंत माणसाचं ताट मांडलं तर? तर तुम्ही त्याला बोलावलंत. तो जिथं असेल तिथून त्याला यावंच लागतं. ही जबाबदारी नुसत्या 'म्हणे'वर कोण घेणार? दुसरी कुणी घेतली असती. सातुका घेणार नव्हती.

पहिल्या सणाला तिनं सगळ्या गावाच्या मेलेल्यांसाठी पाव भाजला, आणि फेर्मिनसाठी नाही. व्हेंतुराबाई भट्टीसमोर बसून राहिली.

"माझ्या पोराला एक बाळ भाजशील का गं, सातुके? एकच."

"आई, तो जिवंत असला तर?"

"नाही जिवंत. आईचं काळीज सांगतं."

"काळजानं पाहिलं का, आई?"

"मेली तुझी जीभ!" सासू ओरडली. "माझं लेकरू उपाशी हिंडतंय आणि ही मला शब्द शिकवतेय!" म्हातारीनं स्वतःच पिठाचा गोळा उचलला, त्याला डोकं काढलं, हात काढले, आणि मग तो तिच्या मांडीवरच मोडून पडला, कारण डोळ्यांतलं पाणी तिला काही दिसू देईना. सातुकानं तिच्या मांडीवरचं पीठ गोळा केलं. तिला सासूची दया येत होती, स्वतःचा राग येत होता, आणि तरी तिचं 'नाही' हललं नाही.

दुसरा सणही तसाच गेला. अधूनमधून कुणी तरी समजवायला यायचं. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, आता एवढा काळ गेला, मेलाच असेल." "असेल," ती म्हणाली. "'असेल'चं ताट मांडत नाहीत." दोन्ही वर्षं तिच्या शेताची नांगरणी न सांगता कासिमिरो करून जायचा. भट्टीसाठी लामाच्या लेंड्यांची पोती आणून टाकायचा. बोलायचा मात्र नाही. पोतं टाकलं की मांजरासारखा पसार.

आणि मग हिव पडलं. बटाटा फुलावर होता. सकाळी उठून बघतो तर सगळी शेतं काळी, उकडून काढल्यासारखी. हे मी पाहिलं, आणि माझ्या बापाला शेताच्या कडेला मटकन बसताना पाहिलं. बोटं सातुकाच्या घराकडं वळायला वेळ लागला नाही. उपाशी कोण फिरतंय, सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणे.

पुढच्या सणाच्या आधी गावप्रमुख देमेत्रियोकाकांनी सभा बोलावली. पुरुष भिंतीशी, बाया जमिनीवर, मध्ये चघळायच्या कोकाच्या पानांचं फडकं. देमेत्रियोकाका भला माणूस, कुणाला लागेल असं बोलणारा नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी घसा खाकरून सरळच विषय काढला.

"सातुका, पोरी, तू या सणाला ताट मांडायचं. नाही मांडलंस तर गाव तुझ्या भट्टीत पाव भाजणार नाही, आणि तुझ्या नावानं फेर्मिनचं ताट आम्ही मांडू."

बाया माना हलवायला लागल्या. कुणी तरी मागून म्हणालं, "आमची पोरं उपाशी मारतेय ही."

सातुका उभी राहिली. हात पोटाशी बांधलेले. "काका, मांडीन की. मी कधी नाही म्हटलं? मला पण घास गोड लागत नाही. पण मेला असं ज्यानं पाहिलं, त्यानं इथं उभं राहून सांगावं. एकानं. मग मी गावातला सगळ्यात मोठा पाव भाजीन."

कुणी उठलं नाही. भिंतीशी कासिमिरो कोकाचं पान चघळत होता, ते त्यानं दुसऱ्या गालात सरकवलं.

"आणि कुणी सांगितलं नाही तर?" देमेत्रियोकाकांनी विचारलं.

"तर सणापर्यंत मी शोधते. तुम्ही तोपर्यंत थांबा."

काका थांबायला तयार झाले. दुसरं काय करणार? तिच्याकडं बघितल्यावर नाही म्हणवत नव्हतं.

सण अगदी तोंडावर आला. कासिमिरो नेहमीसारखं पोतं घेऊन परसात आला. सातुका पीठ मळत होती. तो वळायच्या आत तिनं पिठाचेच हात पुढं करून वाट अडवली.

"बैस."

"काम आहे, वहिनी."

"मलाही आहे. बैस. मला फेर्मिनच्या मरणाचं काही विचारायचं नाही. तुम्ही दोघं या दारातून निघालात, तिथपासून सांग. काय पाहिलंत, काय खाल्लंत, कोण भेटलं, सगळं. मला माझ्या नवऱ्याचं काही तरी ऐकू दे."

मरणाचं नाही म्हटल्यावर कासिमिरोचा जीव भांड्यात पडला. तो बसला. आधी अडखळत, मग रंगात येऊन बोलायला लागला. खिंडीत बर्फ होतं. फेर्मिन घसरला आणि बसल्या जागी खालपर्यंत गेला. खाली हिरवे पोपट, इतके की झाड दिसत नव्हतं. फेर्मिननं एका पोपटाला आमची बोली शिकवायचा चंग बांधला होता. स्वैपाकी एका डोळ्यानं आंधळा होता, भातात मीठ दोनदा घालायचा. मुकादमाच्या खेचरानं फेर्मिनची बाही खाल्ली. सातुका मळता मळता हसली. कित्येक दिवसांनी हसली. सगळं 'होतं', 'केलं', 'खाल्लं'. सगळं पाहिलेलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग... मग त्या दिवशी सकाळी धुकं होतं म्हणे."

सातुकाचे हात पिठात तसेच राहिले.

"भात खाल्ला म्हणे. मुकादम ओरडला म्हणे, की कुदळी कुठं ठेवल्यात..."

"कासिमिरो."

"काय?"

"भात कुणी खाल्ला?"

"आम्ही."

"तुझ्या पोटात गेला ना? मग तुझ्या पोटातलं तुला कुणी येऊन सांगितलं?"

 आमच्याकडं लहान पोरसुद्धा स्वतःच्या पोटाला 'म्हणे' लावत नाही. लावतो तो एकच माणूस, ज्याला तिथं असायचंच नसतं. सातुकाला सगळं एकदम दिसलं. मुकादम म्हणाला होता, 'तुमचाच गाववाला सांगत होता.' गाववाला म्हणत होता, 'सगळे म्हणतात.' उगम शोधायला ती पार युंगासात जाऊन आली होती, आणि उगम दोन-अडीच वर्षं तिच्या परसात लेंड्यांची पोती टाकत होता.

"तू तिथं होतास," ती म्हणाली. "आता माझ्याकडं बघ आणि पाहिल्यासारखं सांग. धुकं होतं."

"धुकं... होतं."

"भात खाल्ला."

"भात खाल्ला. खारट होता." त्याचा आवाज चिरकला. "मी कुदळ कड्याखाली विसरलो होतो, वहिनी. माझा गुडघा सुजला होता. फेर्मिन म्हणाला, तू थांब, मी आणतो. तो गेला. मी पाहिलं. त्यानं कुदळ उचलून मला दाखवली, नाचवली. आणि डोंगर हलला. कमरेपर्यंत मातीत गेला तो. लांब नव्हता हो. इथून त्या भिंतीएवढा. हात पुढं केला होता. 'कासि!' म्हणून ओरडला. वरून अजून दगड येत होते. आणि मी..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी पळालो. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी पळत होतो. वळून पाहिलं तर हिरवा गोंडा. मग तोही नाही."

"गोंडा पाहिलास की माणूस?" सातुकाचा आवाज ओळखू येत नव्हता.

"माणूस. डोळे पाहिले, वहिनी. रोज पाहतो."

तिच्या हाताशी भट्टीतलं लांब दांड्याचं लाकडी फावडं होतं. ते तिनं उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. एकदा, दोनदा, फावड्याचा दांडा मोडेपर्यंत. त्यानं हात आडवा केला नाही. मग ती भट्टीला टेकून खाली बसली आणि रडली. इतक्या वर्षांचं एकदम रडली. फेर्मिन गेला होता. आता त्याच्या पुढं 'म्हणे' नव्हतं.

जरा वेळानं तिनं नाक पुसलं. "उद्या सभेत उभं राहून हे सगळं सांगायचं. आईसमोर."

"गावातून काढतील मला."

"काढतील."

"वहिनी, तुम्हाला तर कळलं ना आता? तुम्ही सांगा, मी—"

"मी काय पाहिलंय?" ती म्हणाली. "तू पाहिलंस. तूच सांगायचं. नाही आलास तर मी तुला दाव्यानं बांधून आणीन, समजलं?"

तो आला.  मी तिथं होतो. एक अक्षर न गाळता त्यानं सगळं सांगितलं, कुदळ, हाक, पळणं.  व्हेंतुराबाई उठली, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आम्हाला वाटलं, आता म्हातारी त्याचे डोळे काढते.

"आई म्हणाला का रे माझं पोर?" तिनं विचारलं. "शेवटी, आई म्हणाला का?"

कासिमिरोला हो म्हणता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "कासि म्हणाला."

म्हातारी त्याच्या पायाशी थुंकली आणि जागेवर जाऊन बसली. मग जो गलका उठला! घालवा याला. याची जमीन काढून घ्या. मित्राला मरू दिलं आणि वर गावाला हिव लावलं. तरणी पोरं तर उठून उभीच राहिली. देमेत्रियोकाकांनी हात वर केला आणि सातुकाकडं पाहिलं. "पोरी, तुझा नवरा. तू सांग."

"माझ्या हातात असतं तर काल मीच याला भट्टीत घातला असता," सातुका म्हणाली. "पण याला घालवलंत तर फेर्मिनचं पाहिलेलं कोण सांगणार? एकच डोळा आहे आपल्याकडं, तो पण असला. हा गेला की फेर्मिन पुन्हा 'म्हणे' होईल. मी तो होऊ देणार नाही. हा इथंच राहील. आणि दर सणाला माझ्या दारात उभा राहून, विचारेल त्याला सांगेल."

काही माणसं चरफडली, पण खाली बसली.

त्या सणाला तिनं फेर्मिनसाठी जे पावाचं बाळ केलं ते खरंच गावात सगळ्यात मोठं होतं. डोक्याला टोपी, टोपीला हिरव्या रंगात बुडवलेला पिठाचा गोंडा. डोळे व्हेंतुराबाईनं लावले. शेजारी खारट भात ठेवला, दोनदा मीठ घालून. भर दुपारी प्रार्थना म्हणायला लांबलांबची माणसं यायला लागली. रीतीप्रमाणे दारातच विचारायची, "कोण गेलं, बाई?"

"माझा नवरा फेर्मिन. डोंगराखाली गेला. कासिमिरोनं पाहिलं."

आणि दाराशी उभा असलेला कासिमिरो प्रत्येकाला सांगायचा, "पाहिलं. माझ्यासमोर गेला. मला हाक मारली, मी गेलो नाही." पहिल्या दिवशी सांगून सांगून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. संध्याकाळी सातुकानं एक पाव त्याच्या हातात ठेवला, त्याच्याकडं न बघता. तीन सण तो असा उभा राहिला. व्हेंतुराबाई त्याच्याशी मरेपर्यंत बोलली नाही, पण तिसऱ्या वर्षी तिनं त्याला बसायला मेंढीचं कातडं टाकलं होतं.

तीन वर्षं झाली, ताटं संपली. पुढं हिव आलंही आणि नाहीही आलं, ते आपल्या मनासारखं येतं. कासिमिरो पोती आणत राहिला, नांगरत राहिला. सातुकानं त्याला माफ केलं का? मी तिला विचारलं होतं एकदा. म्हणाली, "तसलं काही दिसलं नाही अजून मला." पण गेल्या काही वर्षांत दोघं म्हातारी दुपारी भट्टीशी बसायची आणि तो तिला पुन्हा पुन्हा त्या पोपटाची गोष्ट सांगायचा, आणि ती प्रत्येक वेळी हसायची. हे मी पाहिलंय.

मागच्या हिवाळ्यात ती आजारी पडली. उठवेना, की खाववेना. एक दिवस सकाळीच तिनं निरोप धाडला आणि कासिमिरोला बोलावून घेतलं. बाकीच्यांना बाहेर काढलं. आम्ही अंगणात उभे, पाचपन्नास माणसं. दार उघडंच होतं, पण आत अंधार, काही दिसेना. तिचा आवाज तेवढा ऐकू आला, बारीक पण तोच तो, दम देणारा. "पळायचं नाही हं, कासि." आणि त्याचा, "नाही, वहिनी." मग बराच वेळ काही नाही. कुणी तरी हळूच म्हणालं, "गेली असेल." दुसऱ्यानं लगेच त्याला गप्प केलं.

सूर्य भिंतीवर चढला तेव्हा कासिमिरो बाहेर आला. गुडघा धरत, दाराच्या चौकटीला टेकत. कुणी काही विचारायच्या आधीच तो ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"सातुका गेली. माझ्यासमोर गेली. हात शेवटपर्यंत माझ्या हातात होता."

मग त्यानं बाह्या वर सारल्या, आमच्यातून वाट काढत परसात गेला आणि तिच्या भट्टीत जाळ घालायला लागला.